बाष्पाचा बंदोबस्त

पुण्याच्या हवेचा लौकिक फार जुना आहे. पेशवाईच्या अस्तानंतर मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्याच्या मुक्कामास पुण्यास येत, त्यांच्यामागून इलाख्याच्या कारभाराचे दफ्तरही घाट चढून वर येई, आणि पुढे पेन्शनीत निघालेल्या कित्येक पिढ्यांनी ‘हवा कोरडी आहे, दम्याला मानवते’ एवढ्या एका कारणावर सदाशिव पेठेपासून डेक्कन जिमखान्यापर्यंत आपली बिऱ्हाडे थाटली. परंतु हा लौकिक माणसाच्या फुप्फुसांनी दिलेला आहे. जावा, फिलिपाइन्स येथील सदैव ओलसर अशा अरण्यांत, उंच वृक्षांच्या फांद्यांना मुळांनी कवटाळून राहणाऱ्या ज्या आमरी, म्हणजे ऑर्किड, आज पुण्याच्या दिवाणखान्यांत खिडकीशेजारी येऊन बसल्या आहेत, त्यांची साक्ष घेतली तर निकाल दुभंगलेला येईल. कारण फुलाचा दांडा काढण्यास जी हवा या वनस्पतींना प्रवृत्त करते, तीच हवा चार महिन्यांनी त्या दांड्यावरच्या कळ्या गाळून टाकते.

हा मामला नीट समजून घेण्यासारखा आहे. फॅलेनॉप्सिस या आमरीला फुलाचा दांडा फुटण्यासाठी काही आठवडे थंडावा लागतो. दिवसाचे तापमान २५-२६ अंशांच्या खाली राहिले आणि रात्री त्याहून थंड झाल्या, की पानांच्या बेचक्यातून दांडा डोकावू लागतो. मुंबईकराला यासाठी वातानुकूलित खोलीचा आधार घ्यावा लागतो; पुण्यात हे काम कार्तिक-मार्गशीर्षातील गारवा फुकट करून देतो. पौषात दांडा वाढतो, माघात त्यावर कळ्यांची रांग धरते. त्याच सुमारास, जानेवारीच्या अखेरीस, एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते आणि अनेक हौशी माणसे फुलांवर आलेली नवी कुंडी मोठ्या कौतुकाने घरी नेतात. आणि मग होळी येते. कळीची तकाकी प्रथम जाते, तिच्या हिरव्यावर फिकट पिवळेपणा चढतो, देठाजवळ बारीक सुरकुती पडते, आणि एके दिवशी पडद्याचा काठ लागला एवढ्या निमित्ताने ती गळून पडते. पाने मात्र तशीच जाड आणि हिरवीगार असतात, त्यामुळे घरच्या माणसांना काही उमजत नाही. ती पाणी वाढवतात, आणि मग पाने आणि मुळेही जातात.

मार्च-एप्रिलच्या दुपारी पुण्याची सापेक्ष आर्द्रता सरासरीने पंचवीस टक्क्यांच्या खाली असते; ऑगस्टच्या सायंकाळी हीच पंचाहत्तरीच्या वर जाते. फॅलेनॉप्सिसला पन्नास ते सत्तर टक्के मानवते. आता सापेक्ष आर्द्रता हा आकडा मोठा फसवा आहे. वीस अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरू शकते, अडतीस अंशांची हवा सुमारे ४६ ग्रॅम. समजा, चैत्रातल्या पहाटे वीस अंशांवर आर्द्रता साठ टक्के आहे, म्हणजे हवेत दहा ग्रॅमच्या आसपास बाष्प आहे. दुपारी तीच हवा अडतीस अंशांवर तापली, तर बाष्पाचा एक कणही कोठे न जाता आर्द्रता बावीस टक्क्यांवर उतरते. खजिन्यातली रक्कम तेवढीच राहते, मात्र खजिन्याचा आकार तिपटीने वाढल्यामुळे तो रिकामा भासू लागतो. आणि रिकाम्या हवेला तहान असते. पंचवीस अंश व साठ टक्के अशा सुखद हवेच्या मानाने अडतीस अंश व वीस टक्के ही हवा पानाफुलांतून चौपट जोराने पाणी ओढते. फॅलेनॉप्सिसच्या पानांनी या ओढीवर एक तोड काढलेली आहे: ती आपली रंध्रे दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडून कर्बवायू आत घेतात, निवडुंगाचा शिरस्ता तोच. कळीला हे संरक्षण नाही. ती कोवळी, पाण्याने भरलेली, भिंती पातळ असलेली. दुपारच्या हवेचा तगादा प्रथम तिच्याच दारी येतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना पुण्याच्याच एका जुन्या संस्थेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९२८ साली भारतीय वेधशाळेचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, आणि तिच्यासमोरच्या चौकालाही तेच नाव पडले आहे. १९३२ साली येथे कृषिहवामानशास्त्राची शाखा निघाली आणि डॉ. एल. ए. रामदास तिचे प्रमुख झाले. वेधशाळेचा तापमापक शिरस्त्याप्रमाणे पांढऱ्या झडपांच्या पेटीत, माणसाच्या छातीच्या उंचीवर, मोकळ्या मैदानात टांगलेला असतो. रामदासांना मात्र प्रश्न पडला तो पिकाला प्रत्यक्ष जी हवा लागते तिचा. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला लगटून असावी असे त्या काळचे शास्त्र सांगे. पुण्याच्या उघड्या जमिनीवर रामदासांनी बोटाबोटाच्या अंतराने तापमान मोजले, तेव्हा सर्वांत थंड थर जमिनीपासून वीतभर वर तरंगताना आढळला. हे निरीक्षण परदेशी विद्वानांना प्रारंभी पटले नाही, पुढे ते मान्य झाले, आणि त्या थराला आज जगभर रामदासांचेच नाव आहे. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या पिकांच्या आत तापमान आणि आर्द्रता मोजली. उघड्या रानातली हवा एक आणि पिकाच्या पोटातली हवा दुसरी, दोहोंमध्ये दहा पावलांचेही अंतर नसताना हवामान निराळे, हा त्या साऱ्या मोजणीचा निष्कर्ष.

घरात आमरी ठेवणाऱ्याने सर्वप्रथम हा निष्कर्ष मनावर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शहराची आर्द्रता बदलणे आपल्या हाती नाही, खोलीची बदलणे महागाचे आणि बव्हंशी व्यर्थ. पानाभोवतीची वीतभर हवा मात्र पूर्णपणे आपल्या अमलाखाली आणता येते.

हिशेबच मांडून पाहू. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. बत्तीस अंशांवर तिची आर्द्रता पंचवीसवरून पंचावन्न टक्क्यांवर न्यायची तर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत मिसळावे लागेल. ऐकायला हे फार नाही, दीड पेलाभर पाणी. परंतु आपली घरे हवाबंद नसतात, दारे उघडतात, खिडक्यांच्या फटी असतात, आणि तासाभरात खोलीतली हवा एकदा पुरती बदलली असे धरले तरी तेवढेच पाणी तासातासाला पुन्हा ओतत राहावे लागते. दिवसाकाठी आठ लिटर! ध्वनिलहरींनी पाण्याचे धुके करणारी लहान यंत्रे अलीकडे घरोघरी आली आहेत. खोलीभर धुके सोडण्याच्या त्यांच्या उद्योगाला या आकड्यासमोर फारसा अर्थ उरत नाही. शिवाय त्यांत बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी भरले, तर त्यातील क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपाने फर्निचरवर आणि आमरीच्या पानांवर बसतात.

फवारणीची गोष्ट याहून निराळी नाही. दुपारी पिचकारीने पाने ओली केली की मनाला समाधान वाटते, पण मार्चच्या हवेत तो ओलावा पाच-दहा मिनिटांत उडतो आणि आकडा पूर्ववत होतो. संध्याकाळी फवारले आणि पानांच्या मध्यावरच्या खोलगट पेल्यात पाणी रात्रभर साचले, तर तेथून रोपाचा गाभाच कुजतो. खडे घातलेल्या तबकात पाणी भरून त्यावर कुंडी ठेवण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते. तबकाच्या पृष्ठभागालगत तिचा थोडा उपयोग होतो, परंतु वीतभर वर गेले की तो जाणवेनासा होतो, आणि पंखा चालू असला तर तेवढाही राहत नाही. चार-सहा कुंड्या एकत्र, पाने पानांना जवळजवळ भिडतील अशा मांडल्या, तर त्यांच्या आपसातल्या बाष्पोत्सर्जनाने हवा थोडी सौम्य होते, हे मात्र खरे. पिकाच्या पोटातल्या हवेचाच तो घरगुती प्रकार.

आपल्या पूर्वजांनी या कोरड्या हवेचाच उपयोग करून घेतला होता. वाळ्याचे पडदे, त्यांवर दुपारभर शिंपडले जाणारे पाणी, अंगणातल्या तिवईवरचा माठ, ही सारी बाष्पीभवनाचीच योजना. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेते. म्हणून अडतीस अंशांच्या आणि वीस टक्क्यांच्या हवेत तापमापकाच्या फुग्याला ओले कापड गुंडाळले, तर पारा एकवीस अंशांच्या आसपास उतरतो. वाळ्याच्या पडद्यामागच्या खोलीत एकाच वेळी तापमान घटते आणि आर्द्रता वाढते, आणि आमरीला नेमके हे दोन्ही हवे असते. आजचा वाळवंटी कूलर हा त्याच पडद्याचा वंशज. चैत्र-वैशाखात कूलरच्या झोताच्या वाटेत नव्हे, तर त्याच्या बाजूच्या कोपऱ्यात आमरी ठेवली, तर ती वातानुकूलन यंत्राच्या खोलीपेक्षा कितीतरी सुखात राहते. कारण वातानुकूलन यंत्र हवा गार करताना तिच्यातील पाणी नळीवाटे बाहेर काढून टाकते.

तरीही माझा कौल काचेच्या बंद कपाटाच्या बाजूने आहे. लंडनच्या पूर्व भागात दवाखाना चालवणारे डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ साली एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. पतंगाचे काय झाले ते गौण ठरले, कारण शहराच्या धुरकट हवेत त्यांच्या बागेत जे नेचे जगत नव्हते, ते त्या बाटलीत आपोआप उगवले. त्यातून वॉर्डची काचपेटी निघाली. १८३३ साली अशा पेट्यांतून रोपे सिडनीपर्यंत सुखरूप पोहोचली, पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती याच पेट्यांतून. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आणि विषुववृत्ताच्या उन्हात महिनोन्‌महिने रोप जिवंत ठेवणारी ही युक्ती पुण्याच्या मार्च महिन्याला भारी का पडू नये? दोन फूट रुंद, दीड फूट खोल, चार फूट उंच कपाटात बारा घनफूट हवा असते, म्हणजे मघाच्या खोलीच्या शंभराव्या हिश्श्याएवढी; तिची आर्द्रता पंचवीसवरून पंचावन्नवर नेण्यास चहाचा एक चमचा पाणीही पुरून उरते. कुंडीतल्या ओलाव्यातूनच एवढे बाष्प मिळते, वेगळी तजवीज क्वचितच करावी लागते.

सहकारनगरातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे अशी व्यवस्था मी पाहिली. बैठकीच्या खोलीतले जुने काचेचे शोकेस; कधीकाळी त्यात मुलांचे करंडक आणि चिनी मातीच्या बाहुल्या होत्या. आता तीन फळ्या काढून दोन ठेवल्या आहेत, तळाला पसरट तबकात पाणी आहे, मागच्या फळीला संगणकातला लहानसा पंखा बसवून त्याचे तोंड भिंतीकडे केले आहे, म्हणजे झोत थेट फुलांवर येत नाही, पण हवा फिरत राहते. शोकेस पूर्वेच्या खिडकीपासून चार हात आत आहे. काचेवर थेट ऊन आले तर आतली हवा पाहता पाहता चाळिशीच्या पुढे तापते आणि आर्द्रतेचा सारा खटाटोप उलटतो, हे बाईंनी मला दोनदा बजावले. वरच्या फळीवर पांढऱ्या फॅलेनॉप्सिसचा दांडा कमानीसारखा वाकला होता.

“पूर्वी कळी पिवळी पडली की आम्ही पाणी वाढवायचो,” त्या म्हणाल्या, “आता आधी काटा बघते. आणि हापूसची पेटी या खोलीत येऊ देत नाही. अहो, माझ्या धाकट्या जावेनं एकदा आढी इथेच घातली होती, तीन दिवसांत दोन्ही दांडे बोडके झाले!”

आंब्याच्या आढीचे हे प्रकरण अगदी शास्त्रशुद्ध आहे. पिकणारे फळ इथिलीन वायू सोडते, त्या वायूनेच शेजारची फळे पिकतात, आणि आमरीच्या कळ्याफुलांना त्याचा अल्प अंशही सोसत नाही. ज्या महिन्यात हवा सर्वाधिक कोरडी, त्याच महिन्यात मराठी घरात आंबा येतो; त्यामुळे आर्द्रता साठ टक्क्यांवर स्थिर असूनही कळ्या गळाल्या, तर हवेला दोष देण्यापूर्वी पलंगाखाली वाकून पाहावे.

बाईंनी ज्याला ‘काटा’ म्हटले ते आर्द्रतामापक आज अगदी स्वस्तात मिळते, पण त्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. १७८३ साली सोस्यूर या जिनीव्हाच्या विद्वानाने माणसाच्या केसावर चालणारे आर्द्रतामापक प्रसिद्ध केले. केस ओल्या हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो, एवढ्यावर ते यंत्र चाले आणि त्याची कसोटी वारंवार घ्यावी लागे. आजच्या विजेच्या मापकांनाही कसोटी हवीच, आणि ती स्वयंपाकघरातल्या मिठाने घेता येते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यावे, त्यावर पाण्याचे थेंब टाकीत जावे. मीठ ओल्या वाळूसारखे झाले पाहिजे, विरघळून पाणी होता कामा नये. झाकण आणि मापक दोन्ही एका घट्ट डब्यात शेजारी शेजारी ठेवून डबा रात्रभर सावलीत राहू द्यावा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची बंद हवा पंचाहत्तर टक्क्यांवर स्थिरावते. त्यात मापकाने एकोणसत्तर दाखवले, तर सहाचा फरक चिठ्ठीवर लिहून ती त्याच्या पाठीस चिकटवावी. माझ्या मापकावर अशी चिठ्ठी आहे. हा एक आकडा हाती नसताना केलेला आर्द्रतेचा सारा बंदोबस्त अंधारातला असतो.

मृगाचे ढग आले की सारे पारडे उलटे होते. हवेतच ऐंशी-नव्वद टक्के, त्यात बंद खिडक्या, वाळत घातलेले कपडे आणि कोंदट खोली. आता कपाटाचे दार उघडे टाकावे, तबक कोरडे करावे आणि पंखा अहोरात्र चालू ठेवावा. अरण्यातल्या दमट हवेत आमरी सुखाने राहते, कारण तेथे वारा असतो, आणि तिची मुळे उघड्यावर असतात. मुळांवरचे पांढुरके स्पंजासारखे कवच पाऊस पडताच पाणी शोषून हिरवे होते आणि काही तासांत पुन्हा वाळून रुपेरी होते. पावसाळ्यात कुंडीतले मूळ रुपेरी दिसेपर्यंत पाणी घालू नये, एवढा एक नियम पुरेसा आहे. दमट स्थिर हवेत पाकळ्यांवर बारीक करडे ठिपके उमटतात, ते बुरशीचे. शेवाळात रोवलेले रोप विकत आणले असेल, तर आषाढापूर्वी ते नारळाचे सोडण, लोणारी कोळसा आणि विटांचे तुकडे यांत हलवावे. आणि याच दिवसांत पावसाचे पाणी भरून ठेवावे. पुढच्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यापेक्षा ते आमरीला कितीतरी अधिक मानवते.

हवेचा पालट किती सावकाश करावा, याची शिस्त ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत पाहावी. काचेच्या बाटलीत वाढलेल्या रोपाभोवती आर्द्रता जवळजवळ शंभर टक्के असते. त्याच्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो, रंध्रे मिटण्याची सवय नसते. असे रोप एकदम बाहेर काढले तर दोन तासांत कोमेजते, म्हणून ते आच्छादनाखाली, धुक्याच्या खोलीत, मग सावलीच्या जाळीत असे आठवड्याआठवड्याने हवेला सरावले जाते. बाजारातून आणलेली कुंडीही अशाच सावलीच्या दमट छपराखाली वाढलेली असते. तिला दिवाणखान्यात आणल्यावर पहिले काही आठवडे कपाटात किंवा इतर कुंड्यांच्या दाटीत ठेवावे.

सह्याद्रीच्या आमरींची जीवनरीत मात्र अगदी वेगळी आहे. पुण्यात वर्षाला सव्वासातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, महाबळेश्वरास साडेपाच हजारांहून अधिक. पण ऑक्टोबर उलटला की ताम्हिणी, मुळशीच्या रानातही सात-आठ महिने पावसाचे नाव नसते. तेथील डेंड्रोबियम बार्बाट्युलम पाने टाकून देते, फुगीर खोडांत पाणी साठवून निजते, आणि नेमक्या कोरड्या महिन्यांत, पान नसलेल्या काठीवर पांढरी फुले मिरवते. एरिडिस जाड पानांच्या बळावर वैशाख सोसते आणि पावसाच्या तोंडावर फुलांचा लोंगर सोडते. ही रोपे सहलीची आठवण म्हणून घरी आणणारे लोक त्यांना विश्रांतीच्या काळात पाणी पाजून मारतात. आमरीच्या धुळीसारख्या बीला स्वतःचा अन्नसाठा नसतो, विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजते, म्हणून तोडलेल्या रोपाची जागा रानात सहजी भरून निघत नाही. माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे की, प्रयोगशाळेत वाढवलेल्या असंख्य जाती बाजारात सहज मिळत असताना घाटातल्या झाडावरची एकही आमरी कोणी उतरवू नये.

हा अंक हाती पडेल तेव्हा पुण्याच्या रात्री गार होऊ लागलेल्या असतील आणि खिडकीतल्या फॅलेनॉप्सिसचा दांडा पानाआड आकार घेत असेल. मिठाची कसोटी या दिवाळीतच घ्यावी, आणि पहाटे, दुपारी व रात्री अशा तीन नोंदी रोज वहीत कराव्यात. फेब्रुवारीत दुपारचा आकडा चाळीसच्या खाली उतरला, की कळ्या पिवळ्या पडण्याची वाट न पाहता कुंडी कपाटात हलवावी. कळी एकदा पिवळी पडली की ती कोणत्याही उपायाने पुन्हा हिरवी होत नाही.